चार गोळ्या कापून

डिसेंबर लागला की रावपुऱ्यात
माझ्या दुकानात बॅगांची वजनं बोलली जातात.
तेवीस किलो, त्यात लिलो चिवडा किती, लोणचं किती,
आणि उरलेल्या जागेची यादी माझ्याकडे येते.

शिर्क्यांची शर्वाणी ओहायोहून आली आहे.
हीच टाचा उंचावून या काचेवर
लिमलेटच्या गोळ्या मागायची.
आता फोनमधून प्रिस्क्रिप्शन दाखवते:
मुलाच्या दम्याचे सहा पंप,
नवऱ्याच्या प्रेशरच्या गोळ्या, वर्षभराच्या.
"काका, तिकडे एका पंपाला काय पडतं, ठाऊक आहे?"
मला ठाऊक आहे. दर डिसेंबरला कोणीतरी सांगतंच.
तरी मी विचारतो. सांगणाऱ्याला बरं वाटतं.
विमा असून, वर सत्तर डॉलर.
मी मनात गुणाकार करतो,
स्टुलावर चढतो.

माझा धाकटा भाऊ लेस्टरला असतो.
साठी उलटली, गोळ्या त्याला फुकट मिळतात.
गुडघ्यासाठी मात्र चौदा महिने रांगेत आहे,
जिना उलटा उतरतो, कठडा धरून,
आणि रविवारी फोनवर विचारतो,
"अरे, आपल्याकडे अलकापुरीत काय घेतात एका गुडघ्याचे?"
आपल्याकडे, म्हणतो.
एकेचाळीस वर्षांनी.

तर पंप मोजत होतो, तेवढ्यात मंजुबेन पाटणवाडिया आली.
पादऱ्याकडच्या कारखान्यात ती स्ट्रिपा खोक्यात भरते.
खोक्यावरची अक्षरं तिला वाचता येत नाहीत,
कोणालाच येत नसावीत, दर महिन्याला लिपी वेगळी;
पण पट्ट्याच्या रंगावरून ती सांगते
हा माल लांबच्या बोटीचा, हा जवळच्या.

काउंटरवर शर्वाणीची चळत होती.
शर्वाणीने एक स्ट्रिप उलटून पाहिली:
"एकशे अठरा? दहा गोळ्यांचे? फक्त?"

फक्त हा शब्द मराठीत आणि गुजरातीत
एकच आहे.

मंजुबेनने पदरातली नोट पुन्हा घडी केली.
"चार ज आपजो, भाई."
तिच्या नवऱ्यालाही तीच गोळी, तीच कंपनी.

मला वाईट खोड आहे हिशोबाची.
रोज साडेचारशेचा, पाळी आठ तासांची,
म्हणजे एक स्ट्रिप दोन तास सहा मिनिटं.
शर्वाणीची असेल अडीच मिनिटं.
हे मी कोणाला सांगत नाही,
बिलाच्या मागे लिहितो आणि बिल देऊन टाकतो.

शर्वाणीला कळलं असावं. ती खालच्या आवाजात बोलू लागली,
मंजुबेनशी नाही, माझ्याशीही नाही,
पंपांशी बोलावं तशी:
गेल्या थंडीत नोकरी बदलली, मधल्या सहा आठवड्यांत विमा नव्हता.
मुलाला सांगितलं होतं, दोन झटके लिहिलेत, तू एकच घे.
तो आठ वर्षांचा आहे.
घेऊन झालं की विचारायचा,
आता किती उरले?

मंजुबेनला मराठी बरंच समजतं,
निम्मी बडोद्याची असते तेवढं.
ती चळतीकडे बोट करून म्हणाली, "आ तो अमारी छे,"
आणि शर्वाणी पहिल्यांदा तिच्याकडे वळली.
पुढे काही झालं नाही. दोघी हसल्या नाहीत.
शर्वाणी जरा सरकली, मंजुबेनला काचेपाशी जागा झाली.

मी कात्री काढली.
तारीख आणि किंमत ठोकलेलं टोक
मला राखावं लागतं, शेवटच्या गोळीपर्यंत.
चार घेणाऱ्याच्या हाती नेहमी कोरं टोक जातं:
कधी बनली, कधी मरणार, कितीची,
काही लिहिलेलं नसतं.

मंजुबेनला लागतही नाही.
चांदीवरून तिने अंगठा फिरवला,
कडा चाचपली,
"रातपाळीची आहे," म्हणाली, "नीट बसली आहे,"
आणि सुट्टे परत मागितले.